नैसर्गिक की कृत्रिम? पूरक गोळी घेण्याआधी डबीवर काय वाचायचं

कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. काही पट्ट्यांवर लिहिलेलं असतं, ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, सेंद्रिय स्रोतातून (ऑयस्टर शेल)’. शेजारच्या पट्टीवर नुसतंच ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’. शिंपल्यातलं म्हणजे नैसर्गिक, म्हणून हात पहिलीकडे जातो. पण शिंपला दळला की मिळतं तेही कॅल्शियम कार्बोनेटच. दोन्ही गोळ्यांतून मिळणारं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि पोटातलं आम्ल दोन्हींना सारखंच विरघळवतं. फरक असलाच तर शुद्धतेचा: शिंपला समुद्रातलं शिसंही सोबत आणू शकतो. त्यामुळे शिंपल्याचं कॅल्शियम घ्यायचं तर ते शुद्ध केलेलं आणि तपासलेलं हवं.

‘नैसर्गिक चांगलं की कृत्रिम’ हा प्रश्न अख्ख्या डबीबद्दल विचारला की असा फसतो. तो एकेका घटकाबद्दल विचारावा लागतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. ई जीवनसत्त्वात नैसर्गिक रूप खरोखर सरस आहे. फॉलिक ॲसिडमध्ये कारखान्यातलं रूप अन्नातल्यापेक्षा जास्त शोषलं जातं. सी जीवनसत्त्वात काहीच फरक नाही. बी १२ मध्ये तर हा भेदच लागू होत नाही.

आधी तपासणी

गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा, नंतर नव्हे. बी १२ ची गोळी आठवडाभर घेऊन मग तपासणी केली तर आकडा वर आलेला दिसतो आणि मुळात कमतरता होती की नाही हे कळायची सोय राहत नाही. थकवा, केस गळणं, हातापायांना मुंग्या अशा तक्रारी असतील तर डॉक्टरांशी बोलून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड (टीएसएच) एवढं बहुतेक वेळा पुरतं. नुसतं हिमोग्लोबिन बघून लोहाचा अंदाज बांधू नका. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ ठीक दिसतं. फेरिटिन आधी घसरतं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी ते डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. त्या गोळ्यांत बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. त्यामुळे काही पद्धतींनी केलेल्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासण्या चुकीचे आकडे देतात. बहुधा दोन-तीन दिवस गोळी थांबवायला सांगतात.

परवाना कोणता, ते बघा

मेडिकलच्या एकाच फळीवर तीन वेगवेगळ्या परवान्यांखालचा माल मांडलेला असतो. पट्टीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि घटकाच्या नावापुढे ‘आयपी’ ही अक्षरं असतील, तर तो घटक इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातल्या शुद्धतेच्या निकषात बसायला हवा. डबीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असेल तर ते कायद्याने अन्न आहे. त्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. तिसरा प्रकार आयुष परवान्याखालच्या आयुर्वेदिक औषधांचा.

एफएसएसएआयचा क्रमांक त्यांच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे का आणि कोणाच्या नावावर आहे, ते दोन मिनिटांत बघता येतं. ऑनलाइन घेतलेल्या, कधी नाव न ऐकलेल्या डबीसाठी हे जरूर करा. डबीवर आजार बरा करण्याचा दावा आणि खाली अन्नाचा परवाना, अशी जोडी दिसली की ती डबी परत ठेवा.

घटकांची यादी कशी वाचायची

तीन गोष्टी शोधायच्या: रूप कोणतं, प्रत्यक्ष मात्रा किती, आणि ती कशातून आली.

रूप घटकाच्या पूर्ण नावात लिहिलेलं असतं. थायमिन मोनोनायट्रेट, पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड, ॲस्कॉर्बिक ॲसिड ही सगळी कारखान्यात बनलेली रूपं. पुढच्या बाजूला पानं-फळांची चित्रं आणि मागे हीच नावं असतील, तर जीवनसत्त्वं कारखान्यातली आहेत आणि फळांची पूड चिमूटभर आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचे जादा पैसे देऊ नका. ‘होल फूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत कारखान्यातलीच जीवनसत्त्वं यीस्टला खायला घालतात आणि मग ते यीस्ट वाळवून गोळी बनवतात. लेबलवर ‘यीस्टमध्ये वाढवलेलं’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ते हे प्रकरण.

मात्रा बघताना क्षाराचं वजन आणि मूळ खनिजाचं वजन यांत गल्लत होते. खरेदीतली सर्वांत महाग चूक हीच. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम, सायट्रेटमध्ये २१, ग्लुकोनेटमध्ये ९. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के लोह, ग्लुकोनेटमध्ये सुमारे १२. म्हणजे ‘३०० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या दोन लोहाच्या गोळ्यांपैकी एकीत १०० मिलिग्रॅम लोह असेल आणि दुसरीत ३६. लेबलवर ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा आणि किंमतही त्याच आकड्यावर काढा: पट्टीची किंमत भागिले गोळ्या, भागिले एलिमेंटल मिलिग्रॅम.

‘प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम’ असं लिहून खाली बारा वनस्पतींची नावं दिली असतील, तर कोणती किती हे कळायला मार्ग नाही. अशी डबी घेऊ नये. अर्काच्या बाबतीत ‘१०:१’ एवढंच लिहिलेलंही अपुरं. त्यात कार्यकारी घटक किती टक्के आहे हे हवं.

औषधाच्या पट्टीवर ‘ॲप्रोप्रिएट ओव्हरेजेस ॲडेड’ असं एक वाक्य दिसतं. साठवणुकीत जीवनसत्त्वं झिजतात, म्हणून लिहिल्यापेक्षा थोडी जास्त घातली आहेत, असा त्याचा अर्थ. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बी १२: इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्या

शाकाहारी घरांत ही कमतरता फार आढळते आणि ‘नैसर्गिक’ या शब्दामुळे होणारं नुकसानही इथेच मोठं आहे. बी १२ वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त जीवाणू आणि त्यांचे काही जातभाई बनवतात. त्यामुळे गोळीतलं बी १२ कुठल्याही कंपनीचं असो, ते टाक्यांत जीवाणू वाढवूनच मिळवलेलं असतं.

स्पिरुलिना ही निळी-हिरवी शैवालाची पूड ‘बी १२ चा नैसर्गिक शाकाहारी स्रोत’ म्हणून विकली जाते. तिच्यात बहुतांशी स्यूडो बी १२ असतं, जे माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठावर किंवा ‘सेंद्रिय’ भाजीवरच्या मातीवर विसंबणंही तसंच. दूध-दह्यातलं बी १२ खरं आहे, पण कपभर दुधात ते साधारण १ मायक्रोग्रॅम, आणि चहातल्या दोन चमचे दुधाने गरज भागत नाही.

मिथाइलकोबालामिन हे ‘नैसर्गिक, सक्रिय’ रूप आणि सायनोकोबालामिन ‘कृत्रिम’, असा प्रचार असतो. सायनोकोबालामिन जास्त टिकाऊ आणि स्वस्त आहे. शरीर त्याचं सक्रिय रूप स्वतः बनवतं. बहुतेकांना दोन्ही चालतात. नियमितपणा आणि मात्रा जास्त महत्त्वाची. जठरातल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं. त्यापलीकडचं सुमारे १ टक्का नुसतं झिरपतं. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून साधारण १० मायक्रोग्रॅम आत जातं. म्हणूनच गोळीवरचा आकडा गरजेपेक्षा एवढा मोठा असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अन्नातलं बी १२ आणखी कमी शोषलं जातं. अशांनी दर वर्षी तपासावं. मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा दिसू लागला असेल तर दुकानातून गोळी आणून वाट बघू नका. इंजेक्शन लागेल का हे डॉक्टरांनी ठरवायचं.

याला जोडूनच फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाचं कारखान्यातलं रूप. अन्नातलं फोलेट पूर्ण शोषलं जात नाही. जेवणासोबत घेतलेलं ६० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड अन्नातल्या १०० मायक्रोग्रॅम फोलेटच्या बरोबरीचं मानतात. बाळाच्या मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात ते हेच, आणि त्यासाठीचा पुरावा कृत्रिम रूपाचाच आहे. इथे ‘नैसर्गिक’च्या हट्टापायी टाळाटाळ करू नये.

पण बी १२ कमी असताना फॉलिक ॲसिडचा मोठा डोस चालू राहिला तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की बी १२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी सहज मिळते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारा पटींहून जास्त आहे. काही जणींना ती डॉक्टर मुद्दाम देतात, उदाहरणार्थ आधीच्या बाळात दोष असेल तर. स्वतःहून घ्यायची नाही.

लोह

शेवग्याच्या पानांची कॅप्सूल ‘नैसर्गिक लोह’ म्हणून घेणाऱ्यांनी एक गणित करावं. वाळवलेल्या पानांत १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅम लोह आहे असं उदारपणे धरलं, तरी अर्ध्या ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ०.१५ मिलिग्रॅम येतं, आणि त्यातलंही थोडंच शोषलं जातं. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतींना मोफत मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. शेवग्याची भाजी, अळिवाचे लाडू ताटात असावेतच, पण लागलेला रक्तक्षय त्यांनी भरून निघत नाही.

गोळी घेताना काय बिघडतं? बहुतेकदा चहा. जेवण, गोळी आणि लगेच चहा घेतला तर लोह चहातल्या टॅनिनला चिकटून वाया जातं. आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. लिंबूपाणी किंवा आवळा सोबत चालेल. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. शौच काळी होणं हे अपेक्षित आहे. मळमळ, बद्धकोष्ठता फार झाली तर गोळी सोडून देण्याऐवजी डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं अभ्यासांत दिसलं आहे. हिमोग्लोबिन ठीक आलं की लगेच थांबवणं ही दुसरी चूक. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. रंगीत, गोड आवरणाच्या या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं.

बाकीचे घटक

सी: प्रयोगशाळेतलं ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि आवळ्यातलं, रेणू तोच आणि शोषणही तेच. आधुनिक मोजणीत ताज्या आवळ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५० मिलिग्रॅम सी मिळतं. मध्यम आवळा खाल्ला की दिवसाची गरज, पुरुषांची ८० आणि स्त्रियांची ६५ मिलिग्रॅम, भागते. अर्ध्या ग्रॅमच्या आवळा-पुडीच्या कॅप्सूलमध्ये मात्र वाळवताना काहीच नासलं नाही असं धरलं तरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा आवळा खा किंवा साधी ॲस्कॉर्बिक ॲसिडची गोळी घ्या. मधली महागडी कॅप्सूल कशाला? मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रोज १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या टाळाव्यात.

ई: लेबलवर ‘डी-अल्फा’ म्हणजे नैसर्गिक, ‘डीएल-अल्फा’ म्हणजे कृत्रिम. कृत्रिम रूपात एकाच रेणूच्या आठ वेगवेगळ्या रचना मिसळलेल्या असतात आणि शरीर त्यांतल्या निम्म्याच नीट वापरतं. घ्यायचंच तर ‘डी’ घ्या. पण त्वचेसाठी म्हणून रोज ४०० युनिटची कॅप्सूल घेणं कोणत्याही रूपात शहाणपणाचं नाही. अमेरिकेतल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत ४०० युनिट कृत्रिम ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हे २०११ मध्ये जाहीर झालं.

बीटा-कॅरोटीन: गाजर, लाल भोपळा निर्धास्त खा. सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढणाऱ्यांनी याच्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत. फिनलंडमधल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता.

डी ३: बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. कडक शाकाहारींसाठी दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं डी ३ मिळतं. यीस्ट-अळंबीपासूनचं डी २ रक्तातली पातळी तेवढी वाढवत नाही. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असेल तर ते प्राणिज. ‘एचपीएमसी’ लिहिलं असेल तर वनस्पतिज. डी ३ मधली धोक्याची चूक वेगळीच आहे: ६०,००० युनिटची आठवड्याला एक घ्यायची कॅप्सूल रोज घेणं. काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, तहान, मूत्रपिंडाला इजा इथवर जातं. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा.

ओमेगा ३: ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ म्हणजे १००० मिलिग्रॅम ओमेगा ३ नव्हे. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे ओमेगा ३ चे हे दोन प्रकार मिळून ३०० मिलिग्रॅम. जवसाच्या चटणीतलं ओमेगा ३ वेगळ्या जातीचं; शरीर त्याचं डीएचए फारच थोडं बनवतं. मासे न खाणाऱ्यांना थेट डीएचए हवं असेल तर शैवालाचं तेल घ्यावं. माशांतलं डीएचएसुद्धा मुळात शैवालातूनच आलेलं असतं. डबी उघडल्यावर एक कॅप्सूल टाचणीने फोडून वास घ्या. खवट असेल तर परत करा.

आयोडीन: इथे कृत्रिमच बरं. समुद्रशेवाळाच्या गोळ्यांत आयोडीनचं प्रमाण इतकं कमीजास्त असतं की थायरॉइड बिघडू शकतं. आयोडीनयुक्त मीठ पुरतं.

वनस्पतींचे अर्क

हळद रोजच्या फोडणीत असते, म्हणून तिची कॅप्सूलही निर्धोक, असं गृहीत धरलं जातं. हळदीत करक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम करक्युमिन, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम हळदीइतकं, पाच चमचे. त्यात मिऱ्यातलं पायपरीन घातलेलं असतं ते शोषण कित्येक पटींनी वाढवण्यासाठीच. असे अर्क घेणाऱ्या काही जणांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तरीही यकृताचा किंवा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा (ऑटोइम्यून) आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

दुसरा प्रश्न जड धातूंचा. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना डबी पाठवताना हे ध्यानात असू द्या. कंपनीकडे त्याच बॅचच्या तपासणीचं प्रमाणपत्र मागा. त्यावरचा बॅच क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांचे आकडे आहेत का आणि लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का, एवढं बघा. कोणाचा तरी जुना, बॅच क्रमांक नसलेला कागद पाठवला तर तो नसल्यासारखाच.

वेळा आणि साठवण

थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेत असाल तर लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना सायट्रेट बरं. डी, ई आणि ओमेगा ३ तेल-तूप असलेल्या जेवणासोबत. रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्व, हळदीचा अर्क, फिश ऑइल यांपैकी काहीही परस्पर सुरू किंवा बंद करू नका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, डबी गॅसजवळच्या फळीवर ठेवली तर सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपकिरी पडतात आणि फसफसणाऱ्या गोळ्या डबीतच फुगतात. आतली सिलिका जेलची पुडी काढून टाकू नका. गोळ्या आठवड्याच्या डब्यात काढायच्या तर एका आठवड्याच्याच काढा.

एका वेळी एकच नवी गोळी सुरू करा आणि तारीख लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी दुसरी. तीन एकदम सुरू केल्या आणि अंगावर पुरळ आलं तर दोषी कोण हे शोधता येत नाही. तीन महिन्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये करा. डोळे किंवा लघवी पिवळी, अंगाला खाज, न जाणारी मळमळ यांतलं काही दिसलं तर सगळ्या पूरक गोळ्या थांबवून डब्यांसकट डॉक्टरांकडे जा. मात्र बी २ असलेल्या मल्टिव्हिटॅमिनने लघवी गर्द पिवळी होते आणि ती निरुपद्रवी असते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना, ते उजेडात बघून घ्या. दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही करता येते. त्यासाठी बॅच क्रमांक उपयोगी पडतो, म्हणून डबी संपेपर्यंत खोका फेकू नका.